सोळा तासांचे सव्वीस तास कसे होतात

खानापूरच्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न आहे. मुलगी न्यू जर्सीत असते, जानेवारीत दोघं नवरा-बायको पहिल्यांदाच तिच्याकडे चाललेत, एप्रिलमध्ये परत येणार. संगणकावर बेळगाव ते न्यूयॉर्क विचारलं की १२,९४० किलोमीटर, १६ तास असं उत्तर येतं. तिकिटावर मात्र २६ तास. वाट अशी: सांबरा (म्हणजे बेळगावचा विमानतळ) ते मुंबई, मुंबई ते दुबई, दुबई ते न्यूयॉर्क. भाचा म्हणतो, "मामा, साईटवर सोळा दाखवुलाय की ओ, एजंटानं लांबून फिरवून गंडवलं तुम्हाला." त्यात घड्याळाचा तिसराच हिशेब: शनिवारी दुपारी ४ ला निघून रविवारी सकाळी साडेसातला पोचणार, म्हणजे साडेपंधराच तास. गुरुजी विचारतात, यातलं खरं काय धरायचं?

गुरुजी, सोळा खरे, सव्वीस खरे आणि साडेपंधराही खरे. फक्त ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मी सत्तावीस वर्षं एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजनात काढली. कुठल्या वाटेनं न्यायचं, किती इंधन भरायचं, किती वाजता टेकेल, हेच आमचं काम. आता टिळकवाडीत बसून नातेवाइकांची तिकिटं तपासतो. भाच्याला सांगा, एजंटानं गंडवलेलं नाही.

आधी ते १२,९४० किलोमीटर. हे अंतर कुठलंच विमान उडत नाही; ते नुसतं गणित आहे. सांबऱ्याचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावर दोन्हींमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं. शाळेतला पृथ्वीगोल अजून घरात असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. नकाशावर न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसतं, म्हणून वाटतं वाट अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाईल. दोरा तिकडं जातच नाही. तो बेळगावहून उत्तर-वायव्येला निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया करत सेंट पीटर्सबर्गच्या आसपास पोचतो, आइसलँडच्या बाजूनं पासष्टाव्या अक्षांशाला शिवतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून कॅनडाकडं उतरतो. सपाट नकाशानं आपल्या सगळ्यांची दिशा लहानपणीच बिघडवून ठेवलीय.

हेच अंतर दुसऱ्या ठिकाणी ८,०४० दिसेल, तिसरीकडं ६,९८५. घाबरू नका. पहिले साधे मैल, दुसरे नॉटिकल मैल. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. आमच्या खोलीत किलोमीटर कुणी उच्चारतच नसे. आणि दोन साईटच्या उत्तरांत वीस-तीस किलोमीटरचा फरक पडला तर तो पृथ्वी किती गोल धरली यावरून पडतो. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे.

आता १६ तास. ते कुठल्या वेळापत्रकातून आलेले नाहीत. १२,९४० ला ताशी ८०० नं भागलं की सोळा येतात, संपलं. यंत्र बिचारं असं विमान आहे का हे बघत नाही. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत झाला, पुढं त्याच्या शेजारी हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आली. आजची धावपट्टी २,३०० मीटरची. ती समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे, म्हणजे हवा थोडी विरळ आणि विमानाला धाव जास्त लागते. सोळा तासांचं इंधन पोटात घेतलेलं मोठं विमान तिथून उठणार नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळ आहे, ती उगाच नाही. शिवाय सांबऱ्याला पासपोर्टवर शिक्का मारणारं कुणी नाही. तेव्हा कुठंतरी बदलावंच लागणार.

बदलल्यानं अंतर किती वाढतं? भाच्याला हे जरूर वाचून दाखवा. बेळगाव ते मुंबई सरळ रेषेत ४०५ किलोमीटर, मुंबई ते दुबई १,९३०, दुबई ते न्यूयॉर्क ११,०००. बेरीज १३,३३५. सरळ दोऱ्यापेक्षा चारशे किलोमीटरही जास्त नाही, शेकडा तीन. दिल्लीवरून गेलात तर १,४३५ आणि ११,७५५, म्हणजे १३,१९०. बेंगळूर आणि लंडन करून गेलात तर १४,०३० च्या घरात. पल्ला एवढा लांब असला की मधलं गाव थोडं बाजूला पडलं तरी वाट फारशी वाढत नाही. दुबईचं विमानतळ एवढं चालतं त्याचं अर्धं रहस्य या भूगोलात आहे.

मग दहा तास कुठं गेले? तुमच्या तिकिटाचे तुकडे पाडू. सांबरा-मुंबई सव्वा तास. मुंबईत थांबणं पावणेपाच तास. मुंबई-दुबई सव्वातीन तास. दुबईत पावणेतीन तास. दुबई-न्यूयॉर्क चौदा तास. विमानात साडेअठरा, बाकावर साडेसात. झाले सव्वीस.

गुरुजी, तुमच्या पिढीला हे समजावून सांगायला मी काय जाणार. नव्वदच्या दशकात रूळ बदलेपर्यंत आपली लाईन मीटर गेज होती. मुंबईला जायचं म्हणजे मिरजेला उतरायचं, ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि ब्रॉडगेजच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं. मिरजेनं अंतर एक किलोमीटरही वाढत नव्हतं, पण रात्र जायची. दुबई म्हणजे आजची मिरज, फक्त चहा तिथं महाग आहे.

बारीक बघणारा इथं विचारेल की विमानातलेच साडेअठरा तास का? तेरा हजारांना आठशेनं भागलं तर साडेसोळाच येतात. दोन कारणं आहेत.

पहिलं, छोटी उडी महाग पडते. सांबरा-मुंबईचे ४०५ किलोमीटर सव्वा तासात, म्हणजे ताशी सव्वातीनशे. विमान वर गेल्यावर याच्या दुप्पट-अडीचपट पळतं, पण वर असतं किती वेळ? वेळापत्रकात लिहितात तो ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या गावात जागेवर उभं राहीपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढणं-उतरणं आलं, आणि मुंबईत आभाळात रांग लागली तर घिरट्या आल्या. पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर ते मुळातच ताशी पाचशेच्या आसपास पळतं. म्हणून बेळगाव-बेंगळूरचे ४४५ किलोमीटर अर्ध्या तासात कधीच होत नाहीत. लांबच्या विमानात हा खर्च चौदा तासांत मुरून जातो.

दुसरं कारण वारा, आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे लोट वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते सर्वांत जोरात असतात आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातात. विमान हवेत पोहतं, जमिनीवर धावत नाही. मलप्रभेला पूर आल्यावर काठाकडं बघत पोहलात तर काय होतं ते खानापूरकरांना माहीत आहे. दुबईहून न्यूयॉर्कला जाताना १४ तास, परत येताना साडेबारा. अंतर तेच ११,००० किलोमीटर. जाताना सरासरी ७८५, येताना ८८०. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता. इंजिन नेहमीचंच, वारा पाठीशी.

म्हणून आम्ही दोरा ताणून कधीच वाट आखत नसू. जानेवारीच्या रात्री वाऱ्याचा नकाशा आला की आधी लोट कुठून वाहतोय ते बघायचं. जाणाऱ्या विमानाला त्याच्या उत्तरेनं नाहीतर दक्षिणेनं काढायचं, परतणाऱ्याला बरोबर त्याच्या मधोमध घालायचं. तीनशे किलोमीटर जास्त उडून वीस मिनिटं लवकर पोचवणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. पायलट टाळ्या घेतो, आम्हाला कोण ओळखतंय.

वाट वाकवायला आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या हातात नसतं. आकाशालाही सीमा असतात. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. तो सरळ दोरा पहिल्यांदा तिथूनच जातो हे वर बघितलंच. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही भारतीय विमानांना त्यामुळं वळसा पडला आणि व्हिएन्नाला उतरून इंधन भरायची वेळ आली. परदेशी कंपन्यांना ती बंदी लागू नव्हती. २०१९ मध्येही पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं. २०२२ पासून रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंदी केली, भारतीय कंपन्यांना केली नाही. आणि आखातावर फार विसंबू नये असा एक दिवसही आपण बघितला: २३ जून २०२५ ला कतारनं आपलं आकाश काही तास बंद केलं आणि दोहाकडं निघालेली विमानं भलत्याच गावी उतरली. तेव्हा तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा वेळापत्रक बघा. विमान कंपनी तासभर वेळ बदलते आणि एसएमएस करून मोकळी होते. एसएमएस मुलीच्या अमेरिकेतल्या नंबरावर जातो.

आता घड्याळाचे साडेपंधरा तास. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. शनिवारी दुपारी ४ हे बेळगावचे, रविवारी सकाळी साडेसात हे न्यूयॉर्कचे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. साडेपंधरात साडेदहा मिळवा, सव्वीस. तिकिटाचा हिशेब बिनचूक आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून मुंबईहून रात्री १० ला निघून तुम्ही पावणेबाराला दुबईत उतरताय असं दिसतं. पावणेदोन तासांत नाही, सव्वातीन तासांत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात, तेव्हा फरक साडेनऊवर येतो. तुम्ही एप्रिलमध्ये परतताय, त्यामुळं जातानाचा हिशेब येताना वापरू नका.

सव्वीस तासही घर ते घर नाहीत. खानापूरहून सांबरा म्हणजे बेळगाव ओलांडून पलीकडं दहा किलोमीटर. सव्वा तास धरा, आणि विमानाच्या दोन तास आधी पोचा. न्यूयॉर्कला शिक्क्याची रांग, बॅगा, मग गाडीनं न्यू जर्सी, यात तीन तास सहज जातात. मी माझ्या माणसांना बत्तीस तास सांगतो.

तुमचं तिकीट चांगलं आहे की वाईट हे ठरतं मुंबईतल्या पावणेपाच तासांवर, अंतरावर नाही. एक गोष्ट सांगतो, माझीच फजिती आहे. नोकरीच्या सुरुवातीला निपाणीचे माझे मामा दुबईला निघाले होते. मी ऐटीत म्हणालो, मुंबईत दोन तास पुष्कळ झाले. सांबरा-मुंबई एक तिकीट, मुंबई-दुबई दुसरं, थोडे पैसे वाचले. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. तिकिटं वेगळी, म्हणून बॅग पट्ट्यावरून उचलायची, सांताक्रूझच्या टर्मिनलवरून रिक्षा करून सहारला जायचं. मामा पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तासभर आधीच मिटतं. दुसरं तिकीट नव्यानं काढावं लागलं, आणि मामींनी मला पुढची दिवाळी होईपर्यंत माफ केलं नाही. इतकी वर्षं इंधनाचा हिशेब लिटरपर्यंत जुळवला, पण मामांचा चुकला तो चुकलाच.

म्हणून तिकीट हातात घ्या आणि बघा: तिन्ही प्रवास एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर सांबऱ्यालाच विचारा, बॅगेला शेवटच्या गावाची चिठ्ठी लागली का. केनेडीची असेल तर तीवर जेएफके लिहिलेलं असेल. एकाच पीएनआरवर पहिल्या विमानाच्या उशिरामुळं पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमची तुम्ही करायची. तिकिटं वेगळी निघाली तर पावणेपाच तास मला कमीच वाटतात, सकाळचं विमान घ्या नाहीतर आदल्या रात्री बसनं मुंबई गाठा. मुंबईत टर्मिनल १ ला उतरून टर्मिनल २ ला जायचं आहे का, तेही आजच बघून ठेवा.

जानेवारी आहे म्हणून सांबऱ्याची मला काळजी नाही. जुलै-ऑगस्टात मात्र ढग धावपट्टीवर टेकतात, विमान वर घिरट्या घालतं आणि कधी माघारी जातं. त्या दिवसांत त्याच दिवशीचं पुढचं विमान धरणं हा जुगार. उलट जानेवारीत दिल्लीवरून जाणं टाळलंत हे बरं केलंत. तिथलं पहाटेचं धुकं अख्खं वेळापत्रक कोलमडवतं. अंतर दीडशे किलोमीटरनं कमी असून उपयोग काय.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जावं का असं तुम्ही विचारलं नाहीत, पण भाचा विचारेल. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि घाटानं अडीच-तीन तासांत पोचता येतं. तिथून थेट आखातात जाणारं विमान तुमच्या तारखेला मिळालं तर मुंबईचं बदलणं वाचतं. पण वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि आपल्या भागातली विमानं तर कधी सुरू होतील, कधी बंद होतील, सांबरेकरांना विचारा. गेल्या वर्षी शेजारी कसे गेले यावर तिकीट काढू नका.

शोधताना गावाच्या नावावर जाऊ नका, कोड घाला. आपल्या तोंडी बेळगाव, पाटीवर बेळगावी, पण विमानवाल्यांच्या लेखी आयएक्सजी. एका ओळखीच्या गृहस्थांनी शेवटचं अक्षर चुकवून आयएक्सबी टाकलं आणि बागडोगऱ्याचं तिकीट काढून बसले. ते पश्चिम बंगालमध्ये, दार्जिलिंगच्या पायथ्याशी.

राहिला परतीचा प्रवास. तुमच्या कागदावर न्यूयॉर्कहून शनिवारी रात्री ११ ला निघून मुंबईला सोमवारी पहाटे अडीचला उतरणं आहे. वारा पाठीशी असल्यामुळं दुबईपर्यंत साडेबाराच तास, त्यामुळं हा प्रवास जातानापेक्षा हलका वाटेल. भाचा गाडी घेऊन मुंबईला येणार म्हणालात. त्याला तारीख सोमवारची सांगा, आणि लगेच हेही सांगा की त्यासाठी रविवारी दुपारी जेवून खानापूर सोडायचं आहे. पहाटे अडीचच्या विमानाला लोक हमखास एक दिवस उशिरा येतात.